वाहक आणि वाहिलेले : अ-जीवनसत्त्वबंधक प्रथिने आणि कर्करोग

झाशीच्या ईशान्येस, बेतवा नदीच्या काठी, एरच नावाचे एक जुने गाव आहे. मराठी वाचकाला झाशी ठाऊक असते ती नेवाळकरांच्या संस्थानामुळे आणि विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे, एरच या परिचित वाटेवर लागत नाही. बुंदेलखंडातील लोकांच्या लेखी मात्र त्याचे महत्त्व निराळे आहे. हिरण्यकशिपूची राजधानी ती हीच, प्रल्हादाला जवळच्या डोंगरावरून बेतवेत लोटले ते येथेच, आणि पहिली होळी पेटली तीही येथेच, असे तेथील परंपरा सांगते. होलिकेजवळ अग्नीपासून रक्षण करणारे एक वस्त्र होते. ते पांघरून, प्रल्हादाला मांडीवर घेऊन ती चितेवर बसली. वारा सुटला, वस्त्र तिच्या अंगावरून उडाले आणि प्रल्हादाच्या अंगावर पडले. भागवताच्या सप्तम स्कंधात प्रल्हादाच्या छळामध्ये अग्नी आहे, परंतु होलिकेचे नाव नाही. तिला आणि तिच्या वस्त्राला कथेत आणले ते इतर परंपरांनी, मुख्यतः लोकमुखाने. ही भर लहान दिसली तरी अर्थपूर्ण आहे. वस्त्राची शक्ती सुताएवढीही कमीअधिक झाली नाही; फळ पालटले ते वस्त्र कोणाच्या अंगावर पडले यावरून.

जीवरसायनशास्त्रात गेल्या साठ वर्षांत अ-जीवनसत्त्वाविषयी जे उलगडत गेले, त्याचे मर्म याच्या जवळपास येते. हे जीवनसत्त्व शरीरात सहसा मोकळे हिंडत नाही. त्याला बहुतेक टप्प्यांवर एखाद्या प्रथिनाने धरलेले असते, आणि कर्करोगाच्या बाबतीत ते तारक ठरेल, निरुपयोगी ठरेल की घातक ठरेल, हे पुष्कळ अंशी त्या धरणाऱ्यावर अवलंबून असते. दीर्घकाळ या विषयातील संशोधन ‘किती’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. ‘कोणाच्या हाती’ हा प्रश्न उशिरा आला, आणि तो येईपर्यंत हजारो माणसांवरील मोठे प्रयोग फसले होते. दृष्टांताचे काम एवढेच. वस्त्राला पुढे फार ताणणे इष्ट नव्हे.

आरंभी शब्दांचा विचार केला पाहिजे, कारण या विषयातील बराचसा गोंधळ शब्दांनीच निर्माण केलेला आहे. १९१२ साली कॅसिमिर फुंक याने ‘व्हिटामाइन’ हे नाव बनविले तेव्हा त्याची समजूत अशी होती, की जीवनास आवश्यक असे हे सर्व पदार्थ ‘अमाइन’ या रासायनिक वर्गातले असतात. ती चुकीची ठरली. १९२० मध्ये नावातला शेवटचा स्वर गाळून ती कशीबशी झाकण्यात आली. मराठीने ‘जीवनसत्त्व’ हा शब्द घडविताना नावातला ‘जीवन’ हा बरोबर असलेला अर्धा भाग तेवढा घेतला. ‘प्रथिन’ हा शब्दही असाच सुदैवी. ग्रीक भाषेतील ‘अग्रस्थानी असलेले’ या अर्थाच्या शब्दावरून १८३८ साली युरोपात प्रचारात आलेल्या ‘प्रोटीन’ या नावाला ‘प्रथम’ शब्दाशी ध्वनीने आणि अर्थाने जोडणारे रूप मराठीला सापडले. हिंदीने मूळ शब्दच ठेवला. ‘कर्करोग’ हे मात्र सरळ भाषांतर आहे. ग्रीक वैद्यांनी त्या गाठीला खेकड्याचे नाव दिले, आपण त्याला कर्क म्हटले, आणि सुश्रुताचा ‘अर्बुद’ हा शब्द बहुतांशी ग्रंथांत राहिला.

अडचण आहे ती ‘बंधक’ या शब्दाची. ‘अ-जीवनसत्त्वबंधक प्रथिन’ असे म्हटले की कोणीतरी जीवनसत्त्वाला जखडून ठेवले आहे, त्याच्या कार्यात आडकाठी आणली आहे, असा भास होतो. पारिभाषिक शब्द म्हणून तो चुकीचा नाही, कारण ही प्रथिने रेणूला खरोखर बांधून घेतात. परंतु मराठीत ‘बंध’ हा शब्द ‘ऋणानुबंधा’तही येतो, आणि या प्रथिनांचे कार्य त्या अर्थाच्या अधिक जवळ आहे. ती धरतात ती पोहोचविण्यासाठी, राखण्यासाठी, आणि कधी योग्य ठिकाणी स्वाधीन करण्यासाठी. ‘वाहक’ म्हणावे तर राखण आणि स्वाधीन करणे सुटते. तेव्हा रूढ शब्द ठेवून त्याचा अर्थ रुंद करून घेणे हाच मार्ग उरतो.

या प्रथिनांची गरज का पडते, याचे उत्तर जीवनसत्त्वाच्या स्वभावात आहे. ते तेलात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. आणि रक्त हा मुख्यतः पाण्याचा प्रवाह आहे. आहारातून आलेले अ-जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म थेंबांतून यकृतात पोहोचते आणि तेथे साठविले जाते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, बकऱ्याचे यकृत सांगितलेले आहे. कोठाराचा पत्ता अनुभवाने फार पूर्वी लागला होता. तेथून माल बाहेर कसा पडतो हे कळावयास १९६८ साल उजाडले. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये कनाई, राझ आणि गुडमन यांनी मानवी रक्तातून एक लहानसे प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव ‘रेटिनॉल-बंधक प्रथिन’ असे पडले. रेटिनॉल हे अ-जीवनसत्त्वाचे रक्तातून प्रवास करणारे रूप. १८३ अमायनो आम्लांची ही एकच साखळी पिंपासारख्या आकारात वळलेली असते, आणि त्या पिंपाच्या पोटात रेटिनॉलचा नेमका एक रेणू मावतो. १९८४ मध्ये त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली तेव्हा हा आकार प्रत्यक्ष दिसला. हे प्रथिन इतके लहान आहे की एकटे असते तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून वाहून गेले असते. म्हणून ते ट्रान्सथायरेटिन नावाच्या दुसऱ्या मोठ्या प्रथिनाच्या आधाराने रक्तातून हिंडते. वाहकालाही वाहक लागतो, असा हा प्रकार आहे.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि भारतीय संदर्भात तिचे महत्त्व मोठे आहे. शरीरात प्रथिनांचा तुटवडा असेल तर यकृताला हे वाहक प्रथिन पुरेसे घडविता येत नाही. मग कोठारात जीवनसत्त्व शिल्लक असतानाही रक्तात ते उतरत नाही आणि डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे कोरडे पडलेल्या, कुपोषित मुलांच्या रक्तातील या प्रथिनाचा अभ्यास गोविंदप्पा वेंकटस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली प्रसिद्ध केला. तो उपचारापूर्वीच्या आणि उपचारानंतरच्या मोजणीवर आधारलेला होता. १९७० पासून भारतात लहान मुलांना अ-जीवनसत्त्वाचे मोठे डोस ठरावीक काळाने देण्याची योजना सुरू झाली होती. ती आवश्यक होती यात शंका नाही. पण डाळ-दुधावाचून केवळ डोस पाजणे म्हणजे गाड्या नसलेल्या गावी धान्याची कोठारे भरणे, ही गोष्ट अशा अभ्यासांनी स्पष्ट केली.

आता कर्करोगाकडे वळता येईल. अ-जीवनसत्त्वाचा आणि या रोगाचा संबंध कल्पनेतून जोडलेला नाही. १९२५ साली वोल्बाक आणि हाउ यांनी या जीवनसत्त्वापासून वंचित ठेवलेल्या उंदरांच्या श्वासनलिकेचे, ग्रंथींचे आणि मूत्रमार्गाचे अस्तर तपासले. निरोगी स्थितीत मऊ, ओलसर आणि स्राव करणारे हे अस्तर कातडीसारखे कोरडे, थरांचे, निबर झालेले त्यांना आढळले. मानवी कर्करोगांपैकी फार मोठा भाग अशाच अस्तरांतून उगवतो, आणि त्यापूर्वी कित्येकदा अस्तराचा असाच स्वभावबदल दिसतो. पेशीने आपली ओळख टिकवावी, परिपक्व व्हावे आणि वाढ थांबवावी, यासाठी अ-जीवनसत्त्व लागते, असा याचा अर्थ. मायकेल स्पोर्न यांनी १९७६ मध्ये रोग होण्यापूर्वीच रासायनिक द्रव्यांनी त्याला अडविण्याच्या कल्पनेला स्वतंत्र नाव दिले, त्यामागे हीच आशा होती.

आशेला आकडेवारीचा आधारही मिळाला, असे काही काळ वाटले. १९८० साली निकोलस वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील सुमारे सोळा हजार पुरुषांच्या साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांतून, पुढे कर्करोग झालेल्या ८६ जणांचे नमुने शोधून काढले. त्यांच्या रक्तात रेटिनॉल कमी होते. चार वर्षांनी अमेरिकेत वॉल्टर विलेट यांच्या गटाने तशाच पद्धतीने पाहिले तेव्हा त्यांना संबंध आढळला नाही. १९८६ मध्ये वाल्ड यांच्याच गटाने अधिक काळाची मोजणी मांडली आणि निष्कर्ष फिरविला : रक्तातले रेटिनॉल उतरते ते बहुधा शरीरात आधीच दडलेल्या रोगामुळे. कारण समजले जात होते ते कार्य निघाले.

हा पेच वाहक प्रथिन विचारात घेतल्यावरच सुटतो. रक्तातल्या रेटिनॉलचे प्रमाण आहारावर फारसे अवलंबून नसते. यकृत आपल्या वाहक प्रथिनाच्या साहाय्याने ते एका ठरावीक पातळीवर राखते. कोठार जवळजवळ रिते होईपर्यंत रक्ताच्या मोजणीला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट ताप, संसर्ग, दाह, यकृताचे विकार किंवा जस्ताचा अभाव झाला की वाहक प्रथिन घटते आणि त्याच्याबरोबर रेटिनॉलही घटते, मग माणसाने गाजरे कितीही खाल्लेली असोत. संशोधक जीवनसत्त्व मोजत आहोत असे समजत होते; वस्तुतः ते वाहक मोजत होते.

रक्ताच्या मोजणीतला हा घोटाळा निस्तरत असतानाच गाजरे आणि पालेभाज्या यांच्याकडे लक्ष वळले होते. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहलेखक यांनी बीटा-कॅरोटीनने मानवी कर्करोगाचे प्रमाण खरोखर घटेल काय, असा प्रश्न सावधपणे विचारला होता. त्यामागोमाग निघालेल्या प्रयोगांत ती सावधगिरी उरली नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल १९९४ साली आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. अमेरिकेत १८,३१४ जणांना बीटा-कॅरोटीन आणि अ-जीवनसत्त्व एकत्र किंवा निष्क्रिय गोळ्या देण्यात येत होत्या. तो प्रयोग ठरल्यापूर्वीच थांबवावा लागला. १९९६ च्या अहवालाप्रमाणे औषध घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक होते. धुराने पोळलेल्या फुप्फुसात हे द्रव्य नेमके काय करते याची अनेक स्पष्टीकरणे पुढे आली. त्यांपैकी कोणतेही एकच खरे मानण्याचे कारण नाही; मात्र ‘चांगली वस्तू अधिक दिली की अधिक चांगले’ ही समजूत येथे मोडली.

पेशीच्या आत काय घडते हे कळल्यावाचून पुढे जाणे शक्य नव्हते. त्या दिशेचे पहिले पाऊल १९७३ मध्ये पडले. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे फ्रँक चायटिल यांच्या प्रयोगशाळेत, पेशींच्या आत राहणारे आणि रक्तातल्या वाहकापासून सर्वस्वी भिन्न असे दुसरे रेटिनॉल-बंधक प्रथिन सापडले. दोन वर्षांनी तेथेच ऑंग आणि चायटिल यांनी रेटिनॉइक आम्लाला धरणारे प्रथिनही दाखविले. रेटिनॉइक आम्ल हे अ-जीवनसत्त्वाचे पेशीत तयार होणारे रूप. जनुकांना आज्ञा पोहोचते ती याच रूपातून. ती आज्ञा कोण ऐकतो हे १९८७ च्या अखेरीस कळले. स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शांबों आणि कॅलिफोर्नियात रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटांनी पेशीकेंद्रकातील रेटिनॉइक आम्लाचा ग्राही एकाच सुमारास शोधून काढला. रक्तातला वाहक, पेशीतला राखणदार, रूपांतर, पुन्हा वाहक आणि शेवटी केंद्रकातला ग्राही, अशी साखळी तेव्हा पूर्ण दिसू लागली. या साखळीतला कोणताही दुवा निखळला तर जीवनसत्त्व असूनही नसल्यासारखे होते.

आणि कर्करोगात दुवे निखळतात. पेशीतील रेटिनॉल-बंधक प्रथिन रेटिनॉलला धरून एकीकडे साठवणुकीच्या आणि दुसरीकडे रूपांतराच्या यंत्रणेकडे सोपविते. न्यूयॉर्कमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे एक चतुर्थांशात हे प्रथिन आढळलेच नाही, शेजारच्या निरोगी ऊतीत मात्र ते होते. पुढील काळात इतरही काही कर्करोगांत त्याचे जनुक मुके झाल्याचे दिसून आले. जनुक तुटलेले नव्हते. त्याच्यावर लहान रासायनिक खुणा बसून ते वाचले जाईनासे झाले होते. संहिता अखंड, परंतु त्या पानावर पट्टी चिकटविलेली, असा हा प्रकार. अशा पेशीला रक्तातून रेटिनॉल मिळत असले तरी ते राखता येत नाही.

येथे स्ट्रासबुर्गच्या प्रयोगशाळेतील एक निरीक्षण मननीय आहे. १९९९ साली तेथे या प्रथिनाचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. हे उंदीर निरोगी निघाले. भरपूर आहार मिळेपर्यंत त्यांच्यात काही उणे दिसेना. आहारातून अ-जीवनसत्त्व काढून घेतल्यावर मात्र इतर उंदीर महिनोन्महिने ज्या साठ्यावर तगतात तो साठा यांच्या यकृतातून भराभर सरला. ज्याची खरी किंमत टंचाईत कळते असे हे प्रथिन. रक्तातल्या वाहकाबाबतही त्याच वर्षी तसेच कळले. जर्मनीतील दोन बहिणींच्या रक्तात ते जवळजवळ नव्हते. त्यांना रातांधळेपणा होता, त्वचेची थोडी तक्रार होती, आणि तरीही त्या वाढल्या, वावरल्या. आहारातल्या स्निग्ध थेंबांतून येणाऱ्या जीवनसत्त्वावर त्यांचे शरीर भागवीत होते. ज्या प्रदेशात ताटातच तुटवडा असतो तेथे अशा व्यक्तींचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

रेटिनॉइक आम्लाच्या वाहकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नोआ नॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे प्रतिपादिले, की पेशीत या आम्लाला धरणारे दोन वाहक परस्परविरुद्ध दिशांना जातात. रेटिनॉइक आम्ल-बंधक प्रथिनाचा दुसरा प्रकार त्याला ज्या ग्राहीकडे नेतो तो वाढ थांबविण्याची आणि वेळप्रसंगी मरण्याची आज्ञा देतो. स्निग्धाम्ल-बंधक प्रथिनाचा पाचवा प्रकार त्याच आम्लाला दुसऱ्या ग्राहीकडे नेतो. तेथून जगण्याची आणि वाढण्याची आज्ञा निघते. पहिला वाहक भरपूर असेल तर रेटिनॉइक आम्ल कर्करोगाला आवरते, दुसरा वरचढ असेल तर तेच आम्ल त्याला पोसते. पुढल्या वर्षी याच गटाने उंदरांतील स्तनकर्करोगावर प्रयोग करून, दोन वाहकांचे प्रमाण पालटले की औषधाला दाद न देणारी गाठ दाद देऊ लागते, असे दाखविले. साहित्याच्या अभ्यासकाला यात विशेष नवल वाटणार नाही. एकच वचन दोन संप्रदायांच्या मुखी दोन आज्ञा होते, हे त्याने पाहिलेले असते. परंतु रसायनशास्त्रात रेणूला एक ठरलेला गुण असतो अशी श्रद्धा होती, आणि तिला हा धक्का होता. हेही सांगितले पाहिजे की हा सिद्धान्त सर्वमान्य नाही. २००८ मध्ये त्वचेच्या पेशींवर काम करणाऱ्या दुसऱ्या एका गटाला रेटिनॉइक आम्लाने तो दुसरा ग्राही जागा होत असल्याचे आढळले नाही. कोणत्या पेशीत, कोणत्या स्थितीत ही वाट खुली होते, हा वाद मिटलेला नाही.

जेथे वाद नाही असे एक उदाहरण मात्र आहे, आणि या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत उजळ पान आहे. तीव्र प्रोमायलोसायटिक नावाचा रक्ताचा कर्करोग पूर्वी रक्तस्रावाने थोड्या दिवसांत प्राण घेत असे. शांघायमध्ये वांग झेन-यी यांच्या गटाने अशा २४ रुग्णांना रेटिनॉइक आम्ल दिले आणि १९८८ मध्ये निकाल जाहीर केला : चोविसांच्या चोवीस जणांत रोग मागे हटला, केवळ एका रुग्णाला सोबत दुसरे औषध लागले. पेशींना मारण्यात आले नव्हते. अर्धवट वयात थांबलेल्या पेशी प्रौढ होऊन आपल्या क्रमाने संपल्या. कारण लवकरच स्पष्ट झाले. या रोगात पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन रेटिनॉइक आम्लाचा ग्राहीच दुसऱ्या प्रथिनाला जोडला जातो, आणि हा जोडग्राही नेहमीच्या मात्रेतील आज्ञेला बहिरा असतो. मोठ्या मात्रेने त्याला जाग येते व तो मोडूनही पडतो.

तरीही केवळ या औषधावर ठेवलेल्या रुग्णांत रोग उलटू लागला, आणि तेव्हा बंधक प्रथिने पुन्हा चर्चेत आली. पॅरिसमधील एका गटाने १९९३ मध्ये दाखविले, की उलटलेल्या रोगातील पेशींमध्ये रेटिनॉइक आम्ल-बंधक प्रथिनाचे प्रमाण वाढलेले असते. पेशीने औषधाला केंद्रकापर्यंत जाऊ न देता वाटेतच अडविले, असा तर्क त्यावरून करण्यात आला. ‘बंधक’ या शब्दाचा कटू अर्थ येथे खरा ठरतो. शरीर हे आम्ल अधिक वेगाने नष्ट करावयास शिकते, हेही दुसरे कारण होते. दोहोंचा वाटा किती याविषयी मतभेद राहिले. व्यवहारात उत्तर मिळाले ते सोमलातून. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ सोमलाच्या ऑक्साइडने हा रोग बरा करता येतो, असा अनुभव २००६ मध्ये मांडला. महागडे उपचार न झेपणाऱ्या रुग्णांच्या देशात त्याचे मोल वेगळे सांगावयास नको. २०१३ मध्ये इटली व जर्मनीतील प्रयोगाने सोमल आणि रेटिनॉइक आम्ल यांची जोडी रूढ रसायनोपचारापेक्षा कमी नसल्याचे सिद्ध केले. दोन वर्षांनंतर घटनामुक्त जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९७ टक्के, दुसऱ्यात ८६ टक्के होते.

भारतातील सामान्य माणसाचा या विषयाशी येणारा संबंध मात्र रक्ताच्या या विरळा रोगातून येत नाही; तो तोंडातून येतो. एरच ज्या बुंदेलखंडात आहे, त्याच प्रदेशातले महोब्याचे पान प्रसिद्ध आहे; आणि पानाबरोबर, पानावाचूनही, सुपारी व तंबाखू तोंडात धरून ठेवण्याची सवय झाशीपासून मुंबईपर्यंत पसरलेली आहे. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे मुंबईतच उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन संस्थेत सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूचा अर्क अ-जीवनसत्त्वाचा अभाव असलेल्या उंदरांना देऊन पाहिला. १९९१ च्या त्यांच्या निबंधाप्रमाणे असे उंदीर त्या अर्काला अधिक बळी पडले. तोंडाचे अस्तर हेही १९२५ च्या प्रयोगातल्या अस्तरांचेच भावंड. म्हणून तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर, जे पुढे कर्करोगात बदलू शकतात, अ-जीवनसत्त्व देऊन पाहावे हे ओघानेच आले.

हा प्रयोग तिरुवनंतपुरम येथे रंगस्वामी शंकरनारायणन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छीमार समाजातील १६० स्त्री-पुरुषांवर केला. निकाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. एक वर्षभर दर आठवड्याला तीन लाख एकक अ-जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांचे चट्टे पूर्ण नाहीसे झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्के, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १० टक्के. एवढ्यावर थांबले तर यश मोठे दिसते. पण औषध बंद झाल्यावर अ-जीवनसत्त्वाने बरे झालेल्यांपैकी दोन तृतीयांशांचे चट्टे परत आले.

मग औषध आयुष्यभर का देऊ नये? याचे उत्तर पुन्हा रक्तातल्या वाहकापाशी येऊन थांबते. फ्रँक स्मिथ आणि डिविट गुडमन यांनी १९७६ मध्ये अ-जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने आजारी पडलेल्या रुग्णांचे रक्त तपासले. वाहक प्रथिन नेहमीएवढेच होते; यकृत ते वाढवीत नाही. वाढले होते ते वाहकाविना, स्निग्ध कणांना चिकटून हिंडणारे जीवनसत्त्व, आणि पेशींच्या आवरणांना इजा करते ते हेच, असे त्यांनी म्हटले. प्रथिनाच्या पिंपात असलेला रेणू योग्य दारी उतरतो. मोकळा रेणू दिसेल त्या आवरणात शिरतो. डोके दुखणे, त्वचा सोलवटणे, हाडे दुखणे आणि पुढे यकृत निबर होणे ही त्याची फळे. गर्भवती स्त्रीला मोठी मात्रा दिली तर गर्भाच्या घडणीतच व्यंग येऊ शकते. म्हणून गरोदरपणी असे डोस वर्ज्य मानले जातात. सुपारी खाणाऱ्या, मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या गालावर पांढरा चट्टा दिसला तर वैद्याने तिला प्रथम सुपारी सोडावयास सांगावे आणि चट्ट्याचा तुकडा तपासणीस पाठवावा. आठवड्याला तीन लाख एककांची कुपी तिच्या हाती देता येत नाही.